डब्यातले शिक्के

हाम जोंग-गिलच्या घरी, टीव्हीखालच्या कपाटात, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात बामगोल गावातल्या सगळ्यांचे शिक्के होते. करंगळीएवढी लाकडी कांडी आणि तिच्या एका टोकाला कोरलेलं नाव, एवढाच एकेक शिक्का. सही करायची रीत आमच्याकडे नवी. म्हाताऱ्यांच्या पिढीत लाल शाईत शिक्का उमटला की माणसाने शब्द दिला, मग मागे फिरणं नाही.

आणि हा शब्द माणसं इजांगच्या घरी ठेवून मोकळी होत. इजांग म्हणजे गावचा कारभारी. खताच्या अनुदानाला शिक्का, बियाण्याच्या मागणीला शिक्का, पुरात बांध वाहून गेला तर त्या अर्जालाही शिक्का. प्रत्येक वेळी कोण चढण चढून येतो? "तुझ्याकडेच ठेव बाबा, लागेल तसा मार," असं म्हणायची पद्धत जोंग-गिलच्या बापाच्या काळापासूनची. बाप चोवीस वर्षं इजांग होता, मुलाला एकोणीस वर्षं झाली होती. डबा तोच. बापाच्या वेळी त्यात बासष्ट शिक्के होते, आता एकोणीस उरले होते. माणूस गेलं की जोंग-गिल त्याचा शिक्का काढून चुलीत टाकी, आणि त्या दिवशी घरात कोणाशी धड बोलत नसे.

शिक्का मारण्याआधी तो त्यावर तोंडाने वाफ सोडी. 'हाऽ'. थंडीत आपण तळहातावर सोडतो तशी. त्याने शाई चांगली धरते. हेही बापानेच शिकवलेलं. एकोणीस शिक्के म्हणजे एकोणीस वेळा 'हाऽ'. त्याची बायको ग्यॉन-जा म्हणायची, "अहो, सरकारला आपलं गाव आवडत नाही ते उगीच नाही. प्रत्येक कागदाला तुमच्या लसणाचा वास येतो."

सरकारला गाव आवडत नव्हतं हे मात्र खरं दिसत होतं. 'गाव जगवा' नावाची योजना निघाली होती. गावांनी आपापला बेत लिहून पाठवायचा, परीक्षक येऊन बघणार, आणि तालुक्यातल्या एकाच गावाला पन्नास कोटी वॉन. जोंग-गिलने तीनदा अर्ज केला आणि तीनदा आपटला. पहिल्यांदा अर्ज हाताने लिहिला म्हणून परत आला. मग पठ्ठ्या साठीला टेकलेला असताना टायपिंग शिकला, दोन बोटांनी, कोंबडीने दाणे टिपावेत तसं. दुसऱ्यांदा बेतात दम नाही म्हणाले. तिसऱ्यांदा बेत चांगला पण गावात एकी दिसत नाही म्हणाले. एकोणीस माणसांत एकी नाही म्हणे! प्योकाका, वय एक्याऐंशी, हे ऐकून म्हणाला, "एकी दाखवायला भांडायला तरी माणसं लागतात. आम्ही भांडायचं कोणाशी, गुडघ्यांशी?"

यात हसण्यासारखं फार नव्हतं. शाळा बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. दिवसातून चार वेळा येणारी बस दोन वेळांवर आली होती, आणि पुढच्या वर्षी तीही बंद होणार असं कचेरीत ऐकू येत होतं. बस गेली की दवाखाना गेला, दवाखाना गेला की म्हातारी माणसं एकेक करून मुलांकडे शहरात नेली जाणार, आणि तिथे सोळाव्या मजल्यावर खिडकीशी बसून मरणार. जोंग-गिलने हे शेजारच्या दोन गावांत बघितलं होतं.

बामगोलच्या बायकांच्या हाताला एक गुण होता. त्यांच्यासारखा जांग तालुक्यात कोणी करत नसे. सोयाबीन शिजवून, कुटून, त्याच्या विटा करून गवताच्या दोरीने टांगायच्या आणि मग रांजणात घालून वर्ष-दोन वर्षं मुरवायच्या, तो जांग. शहरातून माणसं गाडी घेऊन येत आणि रांजणाचं झाकण उघडताच डोळे मिटत. जोंग-गिलचा बेत साधा होता. एक जांगघर बांधायचं, शंभर रांजण मांडायचे, दहा बायकांना काम द्यायचं. दहा माणसं रोज कामाला येतात असं कागदावर दिसलं की बस बंद करता येत नाही, तसा नियमच होता. त्याला बस हवी होती. बाकी पन्नास कोटींची भाषा परीक्षकांसाठी.

चौथ्या अर्जाला सगळं जुळून आलं आणि जागेवर घोडं अडलं. जुन्या भातगिरणीची जागा ठरली होती. मालकाची मुलं राजधानीत, सोलमध्ये. हो हो म्हणत राहिली आणि शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी फोन करून नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला अर्जाची खिडकी बंद होणार होती. रस्त्याला लागून, सपाट, दिवसभर ऊन खाणारी जागा गावात आणखी एकच होती, उलजिनवालीचं वरचं तिळाचं शेत.

उलजिनवाली म्हणजे उलजिनहून लग्न होऊन आलेली. आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांना माहेरच्या गावावरून ओळखतात. खरं नाव सासूने कधी घेतलं नाही, नवऱ्याने घेतलं नाही, मग गाव कुठून घेणार? तिचं नाव छू बोंग-न्ये होतं, आणि ते गावात फक्त जोंग-गिलला ठाऊक होतं, कारण ते डब्यातल्या शिक्क्यावर कोरलेलं होतं. वय चौऱ्याऐंशी. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. कंबर काटकोनात वाकलेली, पण हातात खुरपं असलं की तरण्या बाईला मागे टाकील.

जोंग-गिल तडक गावच्या बैठकघरात गेला. तिथे सात-आठ बायका लसूण सोलत बसल्या होत्या. त्याने दारातूनच, बूटही न काढता, सांगितलं. "काकू, गिरणीची जागा हातची गेली. तुमच्या वरच्या शेताचा रस्त्याकडचा अर्धा तुकडा, अक्रोडाच्या झाडापर्यंतचा, तेवढा द्याल? जमीन तुमचीच राहील. दरवर्षी भाडं मिळेल. उद्या बाराला अर्ज द्यायचाय."

उलजिनवालीने मान वर केली नाही. तिची सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

"मग धरून चालतो हं," जोंग-गिल म्हणाला. सुरी चालतच होती. इतर बायका एकमेकींकडे बघत होत्या, पण ते बघायला तो थांबला कुठे होता?

घरी येऊन त्याने डबा उघडला. संमतिपत्रावर जमिनीचा गट नंबर घातला आणि खालचा छापील मजकूर नेहमीप्रमाणे न वाचताच पुढे सरकला. छू बोंग-न्ये असं कोरलेली कांडी शोधून काढली. 'हाऽ'. शिक्का सुरेख उमटला, एक रेघ तुटली नाही.

परीक्षक आले तो दिवस अजून लोक आठवतात. एकोणीसच्या एकोणीस माणसं पिवळी जाकिटं घालून वेशीवर उभी होती. बायकांनी जांगाचं सूप, पालेभाज्या आणि कोबीच्या पानात गुंडाळलेलं डुकराचं मांस असं काही मांडलं की एक परीक्षक तिसऱ्यांदा भात मागून बसला. दुसऱ्याने प्योकाकाला विचारलं, "आजोबा, गावात तरुण मंडळ आहे का?" प्योकाका म्हणाला, "आहे की. मी अध्यक्ष." परीक्षक हसले, पिवळी जाकिटं हसली, आणि उलजिनवाली मागे भांडी घासत होती.

दीड महिन्याने निकाल लागला. बामगोल पहिलं! जोंग-गिल कचेरीतून आलेला फोन ठेवून घराबाहेर आला आणि पायरीवर बसून रडला. एकोणीस वर्षांत त्याच्या हातून गावासाठी काही मोठं झालं नव्हतं. झाले ते नुसते अर्ज. आता झालं होतं. वेशीवर मोठा कापडी फलक लागला, त्यावर जांगघराचं रंगीत चित्र, मागे अक्रोडाचं झाड. तांदळाची दारू आली, डुक्कर शिजलं. त्या गडबडीत कोणीतरी त्याची बाही ओढली. उलजिनवाली होती.

"जोंग-गिल, ते शेत नको रे."

"काय?"

"दुसरीकडे बांध. खालचं घे, भोपळ्याचं. घर घे हवं तर. ते नको."

तो घाबरला, आणि घाबरला की माणूस चिडतो. "काकू, आता सांगता? मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत."

"मी लसूण सोलत होते."

"तेच म्हणतोय मी!"

"लसूण सोलत होते म्हणजे हो म्हटलं का रे बाबा?"

"मग कारण तरी सांगा. काय आहे तिथे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. सुरकुत्यांत बसलेले बारीक डोळे, त्यात पाणी की काय, म्हाताऱ्यांचं कळत नाही. मग म्हणाली, "तीळ होतो चांगला," आणि भांडी घासायला गेली.

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा ग्यॉन-जाने कपाळावर हात मारला. "अहो, पुरुषांच्या बैठकीत कोणी गप्प बसलं की ते हो असतं. बायका हातातलं काम चालू ठेवून गप्प बसल्या की ते नाही असतं, फक्त तुमच्या तोंडावर मारत नाहीत. मोठी गोष्ट तीनदा येऊन विचारायची असते. जन्म गेला या गावात, तुम्हाला एवढं माहीत नाही?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्याकडे डबा होता, त्यामुळे कोणाला तीनदा विचारायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. ग्वाक नावाची तरुण बाई योजना बघायची. सालस पोर, जोंग-गिलचे तीनही नापास अर्ज तिनेच हळुवारपणे परत केले होते. तिने नियमांची वही उघडली. "जागा बदलली की निवड रद्द होते, इजांगसाहेब. आणि गाव तीन वर्षं बाद. पण बदलायची कशाला? जमीनमालकाची संमती आहे ना शिक्क्यानिशी?"

इथे, या एका क्षणी, त्याने खरं सांगायला हवं होतं. शिक्का मी मारला, तिने नाही, असं म्हटलं असतं तर निवड गेली असती, कदाचित पोलिस आले असते, पण पुढचं टळलं असतं. जोंग-गिल वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर बस उभी राहिली, पिवळी जाकिटं उभी राहिली. "आहे," तो म्हणाला. "असंच विचारलं."

परत येताना उलजिनवाली अंगणात मिरच्या वाळत घालत होती. त्याला बघून उभी राहिली, म्हणजे जेवढं उभं राहता येईल तेवढी. "प्रयत्न चालू आहे, काकू," तो रस्त्यावरूनच म्हणाला. तिने मान डोलावली. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि मला या सगळ्यात सर्वांत जास्त तेच सोसत नाही.

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. हिवाळा लागला. ती रोज काठी टेकत वरच्या शेतात जाई आणि अक्रोडाखाली दगडांच्या एका लहानशा ढिगाजवळ बसे. तिळाचं पीक कधीच निघालं होतं, खुरपण्यासारखं काही नव्हतं. जोंग-गिल खालून बघे आणि स्वतःची समजूत घाली, म्हाताऱ्या माणसांचा मातीवरून जीव निघत नाही, हळूहळू मनाची तयारी करतेय. गप्प आहे, म्हणजे पटलंय. जी चूक एकदा केली तीच त्याने दुसऱ्यांदा केली, आणि या वेळी त्याला बायकोने सांगितलेलं असूनही केली.

मार्चमध्ये खोदाईचं यंत्र आलं. त्या दिवशी उलजिनवाली डोळे दाखवायला सकाळच्या बसने शहरात गेली होती. जोंग-गिलला ते माहीत होतं. काम त्याच दिवशी सुरू करायला त्याने ठेकेदाराला सांगितलं का? ग्यॉन-जाने नंतर विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला. मी ते तिथेच सोडून देतो.

दगडांचा ढीग यंत्राने एका घासात उचलला. त्याखाली हात-दीड हात खोल गेल्यावर काहीतरी खळ्कन फुटलं. चालक खाली उतरला. काळपट तपकिरी मातीच्या खापऱ्या होत्या, जुन्या भाजणीच्या, एका लहान रांजणाच्या.

"इजांगसाहेब, हे बघा! जांगघराच्या पायात जांगाचा रांजण! शुभशकुन की नाही?"

जोंग-गिलला मनापासून आनंद झाला. अहवालात कामाआधीचे आणि कामानंतरचे फोटो लावावे लागतात, तसे तो काढतच होता. त्याने खापऱ्या नीट पुसल्या, एका फळीवर मांडल्या, आणि मागे फलक दिसेल अशा बेताने चार फोटो काढले. मथळाही त्याला तिथेच सुचला, 'गावाच्या जांग-परंपरेचा भूमिगत पुरावा'. प्योकाका टोपी मागे सारून खापऱ्यांकडे बघत होता. तो काहीच विनोद करत नाही हे जोंग-गिलच्या लक्षातही आलं नाही.

दुपारची बस आली. उलजिनवाली उतरली, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. ती खालून वर बघत राहिली. मग चालू लागली. ती चढण चढायला तिला एरवी अर्धा तास लागे. तिला धावताना कोणी बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. काठी वाटेतच पडली.

तिने खड्ड्याकडे बघितलं नाही. फळीपाशी आली, खाली बसली आणि एकेक खापरी उचलून पोटाशी धरलेल्या एप्रनमध्ये ठेवू लागली.

"काकू, हळू, धार लागेल," जोंग-गिल म्हणाला. "जुना रांजण निघाला. तुमच्या सासूचा असेल, नाही?"

"बाजूला हो, जोंग-गिल. पाय पडतोय तुझा."

त्याने पाय उचलला. खाली एक तुकडा होता. तिने तो घेतला, फुंकर मारून माती उडवली. मग त्याच्याकडे न बघता, खापऱ्यांशी बोलल्यासारखी बोलली.

"गोवर आला होता गावात. तू आणि ती एकाच आठवड्यात तापलात. तू वर्षाचा होतास, ती दहा महिन्यांची. तू उठलास."

यंत्र धडधडत होतं. प्योकाकाने चालकाला हाताने खूण केली, त्याने ते बंद केलं.

"लेकरं उत्तरेच्या डोंगरात पुरायची तेव्हा. कुठे पुरलं ते आईला सांगायचं नाही, अशी रीत. तुझा बाप न्यायला आला. मी त्याचे पाय धरले. म्हटलं, माझ्या शेतात ठेवा. निंदायला गेले की बसता येईल, कोणी विचारणार नाही. त्याने रीत मोडली माझ्यासाठी. मडक्यात ठेवलं, वर दगड रचले, कोल्हा येऊ नये म्हणून. आणि म्हणाला, कोणाला सांगू नकोस. त्यानेही मरेपर्यंत नाही सांगितलं." तिने एप्रनची टोकं गोळा केली. "वर्ष झाल्याशिवाय दप्तरात नाव घालत नसत, म्हणून तिचं नाव कुठेच नाही. मी बुन-ई म्हणायचे."

मडक्यात दुसरं काही नव्हतं. तेवढ्याशा जिवाचं एकोणसाठ वर्षं काय राहणार? थोडी माती होती, बाहेरच्या मातीसारखीच. ती यंत्राने केव्हाच ढिगात मिसळली होती. उलजिनवालीने त्या ढिगाकडे एकदा बघितलं, त्यातली कुठली उचलायची ते तिला कळेना, आणि तेव्हा मात्र तिच्या तोंडून आवाज निघाला. ग्यॉन-जा खालच्या मिरचीच्या वाफ्यात होती, तिला तिथे तो ऐकू आला.

जोंग-गिल तिथे उभा होता. त्याच्या हातात मोबाइल होता आणि त्यात चार फोटो होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दारात आली. तो जेवला नव्हता, झोपला नव्हता. "काकू, मी काम थांबवतो," तो म्हणाला. "कचेरीत जाऊन सगळं सांगतो. पैसे परत करतो."

"आता कशाला?" ती म्हणाली. "माझा शिक्का दे."

त्याने डबा उघडला. तिने आत वाकून बघितलं. सगळ्या कांड्या सारख्याच, आणि तिला वाचता येत नव्हतं. "माझा कुठला?"

त्याने काढून दिला. तिने तो उलटसुलट केला, नावावरून अंगठा फिरवला. आपलाच शिक्का ती पहिल्यांदा बघत होती. मग रुमालाच्या गाठीत बांधून घेऊन गेली. एक शब्द वावगा बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर जोंग-गिलला जगायला सोपं गेलं असतं.

मग बाकीचेही आले. भांडायला कोणी आलं नाही. एकजण म्हणाली, सुनेला दाखवायचाय. एकजण म्हणाला, बँकेत मागतात हल्ली. प्योकाका काहीच बहाणा न करता आला, शिक्का खिशात घातला, आणि दारातून मागे वळून म्हणाला, "तुझा बाप चांगला माणूस होता रे." हे त्याने कशासाठी सांगितलं ते जोंग-गिलला कळलं. महिन्याभरात डब्यात दोनच शिक्के राहिले, नवऱ्याचा आणि बायकोचा.

जांगघर मात्र उभं राहिलं. थांबवायचं तर तेही सगळ्यांच्या शिक्क्यांनीच थांबवावं लागलं असतं, आणि बस कोणाला नको होती? अक्रोडाच्या खाली शंभर रांजण रांगेत मांडले गेले. जोंग-गिलने त्या चार फोटोंतला एकही अहवालात लावला नाही. ते त्याने पुसलेही नाहीत. पुसायला बोट जाई आणि परत येई.

ऑक्टोबरमध्ये शेवटचा कागद आला. काम पुरं झालं, सगळ्यांना मान्य आहे, असा एकोणीस शिक्क्यांचा. त्याला जमीनमालकाचं संमतिपत्र पुन्हा नव्याने जोडायचं होतं. ते आलं नाही तर किल्ल्या मिळणार नव्हत्या, आणि बायकांनी सोयाबीन भिजत घालायची वेळ जवळ आली होती. जोंग-गिल आयुष्यात पहिल्यांदा कागद घेऊन दारोदार फिरला. लोकांनी शिक्के मारले. शेवटी उलजिनवालीचं दार राहिलं. तो तिच्याकडे पहिल्या दिवशी गेला, कागदाचं सांगितलं, ती मिरच्यांचे देठ खुडत राहिली. तो म्हणाला, "येतो काकू," आणि परत आला. दुसऱ्या दिवशी गेला, तसंच. हो धरून चालला नाही. तिसऱ्या दिवशी गेला आणि बूट काढून, तिच्या ओट्यापुढे जमिनीवर बसला.

तिच्या अंगणात रांजणांच्या ओट्यावर, दोन मोठ्या रांजणांच्या मध्ये, दगडांचा एक छोटा ढीग होता. वर पाण्याची वाटी. त्याने मान खाली घातली.

"तुम्हाला नको असेल तर मी जातो," तो म्हणाला. "खरंच जातो. पुन्हा येणार नाही."

तिने मिरच्या बाजूला सारल्या. "वाच."

"काय?"

"कागद वाच. सगळा. चौऱ्याऐंशी वर्षांत मला कोणी कागद वाचून दाखवला नाही."

त्याने चष्मा लावला. "जमीनधारक, छू बोंग-न्ये."

"अं," ती म्हणाली, कोणी हाक मारल्यासारखी.

त्याने गट नंबर वाचला, क्षेत्रफळ वाचलं, चतुःसीमा वाचल्या. हा मजकूर त्याने शंभर वेळा तरी शिक्क्याखाली घातला असेल, पण मोठ्याने कधी वाचला नव्हता. शेवटच्या ओळीवर तो आला आणि अडकला.

"पुढे?"

"काकू..."

"पुढे वाच, जोंग-गिल."

"सदर जमिनीवर..." त्याने चष्मा पुसला, पुन्हा सुरुवात केली. "सदर जमिनीवर कोणतीही विहीर, देऊळ किंवा थडगं नाही, असं मी शिक्क्यानिशी लिहून देते."

ती काही बोलली नाही. तो नुसता बसून राहिला, आणि या वेळी त्याने त्या गप्प राहण्याला काही नाव दिलं नाही. शेवटी तिने रुमालाची गाठ सोडली. शिक्का काढला, तोंडाजवळ नेला, आणि 'हाऽ' असा श्वास त्यावर सोडला. मग दोन्ही हातांनी, सगळं अंग त्यावर घालून, तो कागदावर दाबला.

"तेव्हा खोटं होतं," ती म्हणाली. "आता खरं आहे. घेऊन जा."

त्याने कागदाची घडी घालायला हात पुढे केला, तसा तिने तो धरला.

"थांब. वाळू दे," ती म्हणाली. "नाव पुसेल."